अनोळखी व्यायाम

मांडवीवाडी, ता. मालवण
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नम्रता हिस आईचे अ. उ. आ.

इकडील क्षेम असं हात आपोआप लिहून गेला, पण क्षेम काही नाही. राधाबाईने तुला फोन करून अर्धंमुर्धं सांगितलंच असेल, आणि तिचं अर्धं म्हणजे दुसऱ्याचं दीडपट. म्हणून सगळं नीट लिहिते. घरातले तिन्ही मोबाईल पोलिसांनी पिशवीत घालून, वर लाख लावून नेले. माझ्या मोबाईलात त्यांना काय सापडणार? तुझ्या पोराचे फोटो आणि रोज सकाळी येणारी शुभेच्छांची फुलं. राधाबाईच्या फोनवरून बोलले असते, पण ती बाजूला उभी राहून मध्ये मध्ये स्वतःच उत्तरं देते, आणि लिंडा वकिलांनी बजावलंय की केसचं एक अक्षर फोनवर नको. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली पोर माझ्याकडे बघतच राहिली.

गेल्या मंगळवारी सकाळी जेटीवर त्या एलईडीवाल्याच्या ट्रॉलरला आग लागली. माणूस कोणी भाजला नाही, देवाची कृपा, पण केबिन जळून गेली. त्यांचं नि आपल्या रापणीचं वाकडं आहे हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक. समुद्रात दिव्यांचा उजेड पाडून ते सगळे मासे उपसून नेतात आणि आपण रापणीला किनाऱ्यावरून ओढतो त्या जाळ्यात उरतो तो कचरा. गणपतीत बंदरावर सभा झाली तिथे आपला ओंकार त्या मालकाला तोंडावर बोलला होता. त्या बोलण्याचाही व्हिडिओ आहे म्हणे. आता कशाचा नसतो?

जेटीवरच्या कॅमेऱ्यात आगीच्या वेळी एक माणूस पळताना दिसतो. पाठमोरा. पाठीवर ओंकार लिहिलेलं आणि खाली नऊ आकडा. आठवतात ना त्या जर्स्या? पुण्याच्या संघाने ओंकारला कबड्डीला घेतलं तेव्हा रापण संघाने हौसेने अख्ख्या वाडीला त्याच्या नावाच्या जर्स्या छापून वाटल्या. राधाबाई लुगड्यावर ती घालून मासे विकते. आमच्या भातातल्या बुजगावण्यालासुद्धा एक आहे. हे सगळं पोलिसांना सांगितलं, तर ते म्हणाले की माणूस पळताना जरासा मागे वळलाय, तेवढा चेहरा मशीनला दाखवला आणि मशीनने ओंकारचं नाव दिलं. वर त्याचा मोबाईलही त्या वेळी जेटीवरच होता, असं कंपनीकडून लिहून आलंय.

माझो झिल त्या वेळी रापणीचा दोर ओढत होता गो! मी स्वतः पाण्याशी उभी होते. पण मी आई, बाबा रापणीचे म्होरके तांडेल, बाकीचे सगळे आपलेच. आमच्या जबान्या घेतल्या आणि एकमेकांना धरून बोलतात असा शेरा मारला. दोन रात्री पोराने कोठडीत काढल्या. गुरुवारी जामीन झाला.

आणि खरी धास्ती पुढेच आहे. क्लबाने कळवलंय की करार तूर्त थांबवला आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर सरावाचं शिबिर सुरू होतंय, त्याआधी नाव स्वच्छ झालं नाही तर जागा दुसऱ्याची. सातवीपासून पोर ज्यासाठी मातीत लोळला ते हातातोंडाशी आलं होतं. बाबा बोलत नाहीत. शिवलेलं जाळं उसवून परत शिवतात. चहावाला दाजी आपल्या हॉटेलात असता तर निदान त्यांना चहाला नेऊन बसवलं असतं, पण तो लेकीच्या बाळंतपणासाठी विजयदुर्गाला गेलाय आणि जेटीवर चहाचे हाल आहेत.

तू शिकलेली, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस. ह्या मशीनला कोण विचारतं, त्याचा कान कोण पिळतं, एवढं शोधून काढ. लोभ माझ्यावर कमी केलास तरी चालेल, भावावर दुप्पट कर.

तुझी आई
शेवंती


पुणे
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आईस नम्रताचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रडू नकोस असं तू लिहायला विसरलीस, म्हणून मी रडून घेतलं आणि मग कामाला लागले.

आधी मशीनचं. तुला वाटते तेवढी अक्कल त्याला नसते, आई. त्याच्याकडे फोटोंचा ढीग असतो, आणि दाखवलेला चेहरा त्यातल्या ज्याच्याशी जास्त जुळेल त्याचं नाव ते देतं. आता सांग, तुमच्या वाडीतल्या कोणाचे फोटो जगभर पसरलेत? बाबांचे? राधाबाईचे? ओंकार निवडला गेल्यापासून त्याचेच फोटो जिकडे तिकडे आहेत. ती जर्सी घातलेला अर्धवट चेहरा दाखवला की मशीन दुसरं कोणाचं नाव देणार? त्याच्या ओळखीचा माणूसच वाडीत एक. हे मी लिंडाताईंना सविस्तर लिहून पाठवलंय. त्या म्हणाल्या की मुद्दा चांगला आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. ओंकार तिथे नव्हता एवढं पुरे नाही, तो दुसरीकडे होता हे दिसलं पाहिजे.

म्हणून काल सुट्टी टाकून क्लबात गेले. ट्रेनर चेन्नईचे आहेत, हिंदी माझ्यासारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. ओंकारच्या छातीला तो काळा पट्टा असतो ना, जो तू चतुर्थीला सोवळ्यात काढून ठेवायला लावला होतास? तो पट्टा कुठे आहे ते सांगत नाही, पण हृदय किती धावतंय आणि अंग पुढे जातंय की मागे, किती जोर लावतंय, ते सगळं क्लबाकडे पाठवतो. त्या मंगळवारच्या सकाळी त्यात भलतंच काही उमटलंय. हृदय जोरात, अंग हळूहळू मागे मागे चाललंय, मग झपकन पुढे, परत हळूहळू मागे. असं बराच वेळ. खाली मशीनने शेरा दिलाय: अनोळखी व्यायाम.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच होते, तोच ट्रेनरनी पुढचं दाखवलं. गुडघा सुजला होता म्हणून ओंकारला त्या आठवड्यात पूर्ण विश्रांती सांगितली होती. हे काय चाललंय, असं त्यांनी त्याच दिवशी विचारलं, आणि आपल्या बहाद्दराने लेखी कळवलं की मामेभावाच्या लग्नात नाचलो. पोलिसांनी क्लबाकडून सगळी नोंद मागवली आहे, म्हणजे हे उत्तरही तिकडे पोचणार.

आई, कोणाचं लग्न होतं? आणि मला बोलावणं का नव्हतं?

खरं काय ते त्याच्याकडून काढ. तुझ्या पद्धतीने काढ, फक्त गुडघ्याला लागू देऊ नकोस. निलेश नमस्कार सांगतो. माया आहे तशीच राहू दे, फराळ मात्र पाठव.

तुझी
नम्रता


मांडवीवाडी
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

चि. सौ. नम्रता हिस अ. उ. आ.

फराळ वेगळा पाठवलाय. चकल्या वाकड्या झाल्यात, त्या रागात पाडल्यात असं समज.

तुझं पत्र वाचलं आणि ओंकारला मागच्या पडवीत घेतला. मेल्यान कोणाचा लगीन लावल्यान, तां माका कळूक व्हया होता. बोलता बोलेना. मग मी रडायला लागले आणि तो बोलला. त्या दिवशी दोराला माणसं कमी होती. बाबांची कंबर धरलेली. बाबा तरीही दोराला हात घालायला निघाले, ते बघून हा उठला आणि त्यांच्या जागी उभा राहिला. क्लबाच्या करारात लिहिलंय की सांगितलेल्या व्यायामाशिवाय अंगमेहनतीचं बाहेरचं काम करायचं नाही. रापण ओढली म्हटलं तर करार जाईल, म्हणून पठ्ठ्याने लग्न ठोकून दिलं.

परवा नवीन फौजदारांनी बोलावलं. अक्षया नाव, सावंतवाडीकडच्या, वयाने तुझ्याच एवढ्या, बोलायला चोख. आता तपास त्यांच्याकडे आलाय. त्यांनी क्लबातून आलेला कागद वाचला, मान वर केली आणि ओंकारला विचारलं की तुळशीचं लग्न व्हायच्या आधी तुमच्यात कोणाची लग्नं लागतात? चेन्नईच्या माणसाला आपला चातुर्मास काय कळणार, पण सावंतवाडीच्या बाईला कळणारच! बाई म्हणाल्या की जो लग्नाचं खोटं सांगतो तो रापणीचंही सांगू शकतो. त्यांचं तरी काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर दोन ठेवून दिल्या असत्या.

पण थांब, सगळंच वाईट नाही. बाहेर व्हरांड्यात लिंडा वकील ओंकारला सहज विचारत होत्या की दोर ओढताना मोबाईल खिशात भिजत नाही का. मी म्हटलं, खिशात कशाला असेल, तो राधाबाईच्या टोपलीत. सगळ्यांचेच असतात. वकीलबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं पदर सुटलाय. मग त्यांनी विचारलं की टोपली कुठे होती. राधाबाई शेजारीच होती, ती म्हणाली की टोपली माझ्या डोक्यावर, आणि मी असेन तिथे. किनाऱ्यावर ठेवली तर कुत्री तोंड घालतात, म्हणून ती टोपली कधी खाली ठेवत नाही. आणि त्या मंगळवारी ती गेली होती बर्फ सांगायला. जेटीवरच्या फॅक्टरीत.

वकीलबाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर मात्र चिडल्या, की एवढी मोठी गोष्ट आतापर्यंत एकानेही कशी सांगितली नाही. अगो, पण त्यात सांगण्यासारखं काय? रापणीला मोबाईल राधाबाईकडे, हे आम्हाला जेवण तोंडाने जेवतात एवढं साधं. आमच्या डोक्यातच आलं नाही. पोलीस विचारत होते मोबाईल कोणाचा, आम्ही सांगत होतो ओंकारचा. मोबाईल कोणाच्या डोक्यावर, असं कोणी विचारलंच नाही.

आता वकिलांनी अर्ज दिलाय की रापणीतल्या सगळ्यांच्या मोबाईलची त्या सकाळची जागा मागवा. बघू. बाबा अजून बोलत नाहीत. पाडवा म्हणून आज ओंकारला त्यांच्या पाया पडायला लावलं तर फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पाडव्याचा आशीर्वाद जावयांनाही सांग. आठवण काढत जा, उचकी लागली की मला बरं वाटतं.

तुझी आई


मांडवीवाडी
२५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस ओंकारचा सा. न.

भाऊबीज हुकली, त्याबद्दल रागावू नकोस. एवढं मोठं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, तेही काल्पनिक मित्राला.

मोबाईलची माहिती आली. फौजदार मॅडमनी आम्हाला नकाशा दाखवला. पस्तीस-चाळीस माणसं एकाच ठिपक्यात उभी, तिथून सगळी मिळून जेटीला, बर्फ फॅक्टरीशी सगळी मिळून थांबली, मग सगळी मिळून परत. मॅडम म्हणाल्या की एक तर सगळी वाडी हातात हात घालून आग लावायला गेली, नाहीतर ही राधाबाई आहे. मोबाईलचा पुरावा त्यांनी तिथेच बाजूला ठेवला. पण कॅमेऱ्यातला चेहरा आहेच, आणि माझं खोटंही. मी रापणीवर होतो हे आता फक्त तो पट्टाच सांगू शकतो. त्यासाठी तो अनोळखी व्यायाम म्हणजे काय, हे मलाच क्लबाला लेखी सांगावं लागेल, आणि सांगितलं की करार मोडल्याचं मी माझ्या हाताने लिहून दिल्यासारखं होईल. शिबिर आता जवळ आलंय. ताई, मला खूप भीती वाटते. कोठडीत नव्हती वाटली एवढी.

काल बाबा बोलले. कबड्डी खेळायला लागल्यापासून मी त्यांना कधी काही मागितलं नाही आणि त्यांनी कधी काही विचारलं नाही, तुला माहीतच आहे. जाळं बाजूला ठेवून म्हणाले की आजवर मी रापण ओढली म्हणून कोणापुढे मान खाली घातली नाही, आणि ती लपवूनच तुला खेळता येणार असेल तर तसलं खेळणं गेलं तरी मला चालेल. मग परत जाळं घेतलं. मला आधी राग आला. मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं, आणि सकाळी वाटलं की त्यांच्या जागी दोराला उभा राहिलो ही त्या आठवड्यातली माझी एकमेव बरी गोष्ट, आणि मी लाजतोय नेमका तिचीच.

सोबत ट्रेनरसरांना लिहिलेलं पत्र आहे. लग्न नव्हतं, रापण होती, असं सरळ लिहिलंय. तू स्वतः नेऊन दे. हिंदी चुकलं असेल, पण सुधारू नकोस, तसंच दे.

ओवाळणीचं ताट राखून ठेव. जिंकून आलो तर मोठी भेट, नाहीतर नुसता भाऊ.

तुझा
ओंकार


पुणे
३० ऑक्टोबर २०२५

ती. आईस सा. न. आणि चि. ओंकार यास आशीर्वाद. पत्र एकच आहे, भांडू नका.

ट्रेनरनी ओंकारचं पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी विचारलं की रापण म्हणजे काय. मी सांगायला लागले की होडी जाळं सोडत समुद्रात वळसा घेऊन येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, माणसं दोर धरून मागे मागे चालत जातात आणि वर पोचलेला माणूस दोर सोडून परत पाण्याशी येऊन धरतो. त्यांना काही केल्या डोळ्यांपुढे येईना. शेवटी माझी ओढणी कपाटाच्या कडीला बांधली आणि ऑफिसभर मागे मागे चालून दाखवलं. तीन खेळाडू दारात उभे राहून बघत होते. तुझ्या नावाने मी किती आब घालवून बसलेय, ओंकार, ते लिहून ठेव.

ते एकदम संगणकाकडे वळले आणि तो अनोळखी व्यायाम परत उघडला. हळूहळू मागे, झपकन पुढे. निकाल असा लागला: खोटं बोलल्याबद्दल ओंकारने शिबिरभर सगळ्या संघाच्या मॅट पुसायच्या. आणि रापणीबद्दल काय ते, ती स्वतः बघून ठरवणार. म्हणजे, आई, ते येताहेत. दोन पट्टे घेऊन.

मी फौजदारांशीही बोलले. त्यांची शंका रास्त आहे. जर्सी जशी कोणीही घालतो तसा पट्टाही दुसऱ्याने घातला नसेल कशावरून? त्यावर ट्रेनर म्हणतात की दम लागल्यावर प्रत्येकाचं हृदय आपापल्या चालीने खाली येतं, आणि ओंकारचं जेवढ्या लवकर येतं तेवढं क्लबात कोणाचंच येत नाही. तेव्हा एक पट्टा ओंकारला, एक फौजदार सांगतील त्याला, आणि रापण सगळ्यांसमोर. बाई तयार झाल्यात. फक्त शनिवार ठरवा.

आता खरी अडचण. ट्रेनर मासे खात नाहीत. अंडंसुद्धा नाही. आई, शांत हो. काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढी कर, माणूस आपला होईल.

तुमच्या लोभाची मला सवय लागली आहे, ती मोडू देऊ नका.

नम्रता


मांडवीवाडी
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नम्रता हिस आईचे पोटभर, टोपलीभर आशीर्वाद!

जिंकलो गो बाय, जिंकलो! आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

काल सकाळी बघूक व्हया होता आमचो किनारो. सगळी वाडी त्या जर्स्या घालून. मी नको म्हणत होते, की पोलिसांना डिवचल्यासारखं दिसेल, पण राधाबाईने ऐकलं नाही. फौजदारबाई गाडीतून उतरल्या आणि जिकडे बघावं तिकडे ओंकार नऊ. लहान ओंकार, जाडे ओंकार, लुगड्यातला ओंकार. त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू काही आवरलं नाही.

ट्रेनरसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत उभे. दुसरा पट्टा हवालदाराला बांधायचा ठरला होता, पण त्याचं पोट आणि पट्टा यांचं जमेना. तेव्हा फौजदारबाईंनीच तो मागून घेतला, आमच्या घरात जाऊन बांधला, बूट काढले आणि ओंकारच्या पुढे दोराला उभ्या राहिल्या. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. समुद्राला सांगितलं की बा म्हाराजा, आज पोराची अब्रू जाळ्यात आसा, ती किनाऱ्याक लाव. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. फौजदारबाईंचा आवाज सगळ्यात मोठा आला, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या गप्प झाल्या.

ओढता ओढता बाईंचे हात सोलवटले. मी म्हटलं की पुरे, सोडा, तर म्हणाल्या की तपास अर्धा सोडत नाही. अशी बाई सून म्हणून मिळाली तर, असं मनात येऊन गेलं, ते इथेच ठेव.

जाळं वर आलं ते बांगड्यांनी खदखदत. कित्येक महिन्यांत एवढी मासळी बघितली नव्हती. पण कोणाचं तिकडे लक्षच नाही. सगळे ट्रेनरसाहेबांच्या हातातल्या काचेच्या पाटीभोवती, टॅबलेट म्हणतात तिला. त्यांनी आधी बाईंची रेघ काढली. हळूहळू मागे, झपकन पुढे, अगदी त्या मंगळवारसारखी. म्हणजे ते काम रापणच, लग्न नव्हे आणि पळापळ नव्हे. पण दम लागल्यावर बाईंचं हृदय आपलं वरच धडधडतंय. मग ओंकारची कालची रेघ त्या मंगळवारच्या रेघेवर ठेवली. मला काय कळतं त्यातलं? पण मलाही दिसलं गो. एकीवर एक बसली. उतरणसुद्धा तीच. फौजदारबाईंनी बोट ठेवून ती रेघ टोकापासून टोकापर्यंत बघितली, मग ओंकारकडे वळून म्हणाल्या की पुढच्या वेळी लग्न ठरवायचं झालं तर आधी पंचांग बघ. तसं बोलल्या म्हणजे सुटला, हे सगळ्यांनी ओळखलं. बाबांनी तोंड समुद्राकडे केलं. खांदे हलत होते. मी गेले आणि जवळ उभी राहिले.

ट्रेनरसाहेबांनी पाटीवरचा तो अनोळखी व्यायाम पुसला. जागेवर काय लिहू असं विचारलं, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातातून पाटी घेऊन मराठीत स्वतः टाईप करून दिलं: रापण. मशीनला एकदा शिकवलं की ते विसरत नाही म्हणे. आणि साहेबांनी जाहीर केलं की रापणीची मनाई करारातून काढायला ते मालकांना सांगतील, कारण असा व्यायाम त्यांच्या पुस्तकात नाही. आमटी तीन वाट्या प्याले.

आणि आता हस. हे सगळं चाललं असताना दाजी एसटीतून उतरला. नातू झाल्याचे पेढे हातात, अंगात तीच जर्सी. मोबाईल तो वापरत नाही, त्यामुळे महिनाभरातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं; गर्दी कसली ते विचारलं. सांगितलं, तर म्हणाला की अरे, तो पळणारा मीच! ट्रॉलरच्या जनरेटरमधून ठिणग्या उडताना दिसल्या, बाजूलाच माझा गॅस, तो बंद करायला धावलो, आणि तशीच एसटी आली म्हणून विजयदुर्गाला गेलो. फौजदारबाईंनी त्याला तिथेच कॅमेऱ्यासारखा पळून दाखवायला लावला. साठीतला वाळका दाजी धावला, जरासा मागे वळला, आणि तो तोच. जनरेटरचं जळकं तपासायला आता वेगळा माणूस येणार आहे. पण खरं सांगू? केस सुटली त्याचा आनंद ओंकारपेक्षा दाजीलाच जास्त झालाय. मशीनने आपल्याला बावीस वर्षांचा कबड्डीपटू ठरवलं, हे तो गिऱ्हाईकांना चहाबरोबर सांगतो. छाती काढून चालतोय मेला.

तुळशीचं लग्नही झालं आहे. आता कोणी नाचायचं म्हटलं तर माझी हरकत नाही. ओंकार मंगळवारी पुण्याला निघतोय. त्याला जेवू घाल, आणि मॅट पुसतो की नाही त्यावर डोळा ठेव.

आज लोभ मागत नाही. आज माझ्याकडेच एवढा आहे की घे.

तुझी आई
शेवंती


पुणे
२१ डिसेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस ओंकारचा शि. सा. न.

तुमचे मोबाईल परत मिळालेत हे माहीत आहे, आणि किनाऱ्यावर पडदा लावून सगळ्यांनी मॅच बघितली हेही ताईने सांगितलं. तरी पत्र लिहितोय, कारण एक गोष्ट पडद्यावर दिसली नसणार.

शेवटची चढाई तुम्ही बघितलीच. आम्ही एका गुणाने पुढे, आणि समोरून त्यांचा तो धिप्पाड गडी आला. मी कोपऱ्यातून त्याचा घोटा धरला. तो पडला, पण पडता पडता मध्यरेषेकडे सरकायला लागला आणि मला फरपटत न्यायला लागला. मॅटवर पाय टिकेना. त्या क्षणी, आई, मला कबड्डीतलं काही म्हणजे काही आठवलं नाही. वाटलं लाट जाळं परत ओढतेय. मी अंग मागे टाकलं आणि पाऊल पाऊल मागे गेलो. माझ्या कमरेला दुसऱ्याने धरलं, त्याच्या कमरेला तिसऱ्याने. सगळे मागे मागे. शिबिरात ट्रेनरसर रोज दोर ओढायला लावत होते, तेव्हा सगळी पोरं मला शिव्या घालायची. काल कोणीच घातल्या नाहीत.

तो म्हणाला की आपलं बोट रेषेला लागलं. पंचांनी मोठ्या पडद्यावर तपासायला सांगितलं. परत एकदा एक कॅमेरा, परत एकदा एक मशीन, आणि मी खाली मान घालून उभा. कोठडीतले ते दोन दिवस डोळ्यांपुढून गेले. पडद्यावर ते बोट मोठं मोठं होत गेलं. रेषा आणि बोट यांच्यात पिवळी मॅट स्पष्ट दिसत होती. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. मला उचलला होता एवढं कळलं, आणि ताई ओरडून ओरडून भावोजींचा शर्ट फाडत होती.

आता ती गोष्ट. सगळं शांत झाल्यावर ट्रेनरसरांनी मला कोपऱ्यात बोलावलं आणि पाटीवर सगळ्या मॅचची माझी रेघ दाखवली. प्रत्येक तुकड्याखाली मशीन आपणहून नाव लिहितं. धावणे. उडी. पकड. विश्रांती. सर शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवून उभे राहिले. हळूहळू मागे, हळूहळू मागे, आणि खाली मशीनने लिहिलं होतं: रापण.

तो कागद छापून सोबत जोडलाय. बाबांच्या हातात द्या.

माया होतीच, आता तिचा दोर सोडू नका.

तुमचा
ओंकार